बारा झॉम्बी आणि एक चावा

१

माझ्या भाच्याला दिवसाढवळ्या, बारा माणसांच्या आणि एका चालू कॅमेऱ्याच्या देखत लुटलं, आणि ते घडत होतं तेव्हा आम्ही उरलेले टाळ्या वाजवत होतो.

साबणाच्या एका बंद कारखान्यात तो झॉम्बींचा सिनेमा काढत होता. मेलेली माणसं उठतात आणि जिवंतांना खात सुटतात, एवढीच गोष्ट. पण तिच्यापायी त्यानं नोकरी सोडली होती आणि निम्म्या नातेवाइकांना कामाला जुंपलं होतं. मलाही. पस्तीस वर्षं मी दातांच्या दवाखान्यांसाठी कवळ्या बनवल्या. निवृत्त होऊन जरा कुठे बूड टेकलं, तर हा दारात हजर. "मावशी, मला सडके दात हवेत."

शूटिंगचा तो शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला जागा सोडायची होती, दुसऱ्या दिवसापासून पाडकाम सुरू होणार होतं. सकाळी अकराचा प्रसंग असा, की बारा झॉम्बी एका माणसावर तुटून पडतात आणि त्याचा फडशा पाडतात. ज्याचा फडशा पडायचा तो नट आलाच नाही, म्हणून भाचा स्वतःच जमिनीवर आडवा झाला.

मी हॉलच्या एकुलत्या एका दाराशी स्टुलावर बसले होते, मांडीवर दातांचा डबा. प्रत्येकाला त्याच्या मापाचे दात मीच दिले. बारा जणांना बारा जोड. धूर सुटला, भाचा "ॲक्शन" म्हणून ओरडला आणि अशी काही झोंबाझोंबी सुरू झाली की तो दिसेनासाच झाला. मग आतून किंकाळी आली. काय किंकाळी होती! आम्ही टाळ्या वाजवल्या.

"कट! अरे कट म्हणतोय ना! उठा अंगावरून!"

ढीग पांगला. भाचा उठून बसला तेव्हा त्याच्या उजव्या हातावर, कोपराच्या खाली, दातांचे लालभडक वण उमटले होते. पण तो हाताकडे बघतच नव्हता. तो गळा चाचपत होता. गळ्यात नुसती दोरी लोंबत होती.

"मावशी, दार लाव," तो म्हणाला. त्याचा आवाज मी त्याच्या लहानपणीसुद्धा असा ऐकला नव्हता. "कुणीही बाहेर जायचं नाही."

२

त्या दोरीला एक पाकीट होतं, पाकिटात हार्ड डिस्क, आणि डिस्कमध्ये सोळा दिवसांचं सगळं चित्रीकरण. दुसरी प्रत नव्हती. कुणीतरी सिनेमा फोडेल या धास्तीनं भाच्यानं ती काढूच दिली नव्हती. आंघोळीला जातानाही तो डिस्क साबणाशेजारी ठेवतो, असं त्याची बायको सांगायची.

पोलिसांना बोलवायचं म्हणजे त्या दिवसाचं शूटिंग गेलं, आणि उद्या कारखानाच नसणार.

"तूच बघ काय ते," भाचा माझ्या कानाशी पुटपुटला. "इथं आता मला कुणाचाच भरवसा वाटत नाही."

आधी झडती झाली. बारा झॉम्बी रांगेत उभे राहिले. मेकअप करणारी मुलगी एकेकाचा रबरी चेहरा सोलून टबात टाकत गेली आणि आतून आमचे शेजारी, पोस्टमास्तर, व्यायामशाळेतली चार पोरं असे एकेक ओळखीचे लोक बाहेर येत गेले. सगळ्यांच्या हातांत मनगटापर्यंत डिंकानं चिकटवलेले जाडजूड रबरी पंजे. मीही माझे दात परत घेतले. बारा जोड, बाराही ओले. खिसे पाहिले, पिशव्या पाहिल्या, रक्ताच्या बादलीत काठी फिरवली. डिस्क नाही.

हॉलमध्ये झॉम्बी नसलेले आणखी चौघं होते. मी त्यांना एकेक करून माझ्या स्टुलाशी बोलावलं.

पहिला कॅमेरामन. ताडासारखा उंच आणि काटकुळा, म्हणून सगळे त्याला तिपाई म्हणायचे. भाच्याचा सगळा रोख त्याच्यावरच होता, कारण सकाळी दोघांची चांगलीच जुंपली होती.

"माझंच काम मी चोरू?" तिपाई उसळला. "आणि चोरलं असेल कुणी, तर तुमच्या भाच्यापासून वाचवायला चोरलं असेल. सकाळी चहाच्या वेळी काय म्हणाला ते ऐकलंत ना? डिस्क भरली, जेवणाच्या सुट्टीत फिटरकाकांचं सगळं पुसून टाकतो आणि आजच्यासाठी जागा करतो. आठ दिवस मी त्या म्हाताऱ्यावर जीव तोडून प्रकाश केलाय, मावशी!"

फिटरकाका म्हणजे याच कारखान्यातले जुने कामगार, आमचे पहिले मुख्य झॉम्बी. एकटेच राहायचे. आठ दिवस त्यांनी झकास काम केलं आणि नवव्या दिवशी सकाळी झोपेतून उठलेच नाहीत. मग त्यांच्या जागी पोस्टमास्तर आले आणि त्यांचे सगळे प्रसंग नव्यानं घ्यावे लागले.

दुसरी नायिका. या प्रसंगात ती नव्हती. "खरं सांगू? डिस्क गेली तर मला रडू येणार नाही," ती म्हणाली. "मला मालिका मिळालीय. सोज्वळ सुनेचं काम आहे. आणि इथं मी सासऱ्याचं आतडं चघळतेय."

"मग घेतलीस की काय?"

"मी त्या खुर्चीत संवाद पाठ करत होते. पण कुणी बघत नव्हतं माझ्याकडे. हीच तर या सिनेमाची बोंब आहे."

तिसरा भाच्याचा मेहुणा, धुराच्या यंत्रावर बसवलेला. "ताईनं मला कशाला पाठवलंय माहितेय? दाजींचं हे खूळ एकदाचं संपव आणि त्यांना घरी आण, म्हणून," तो मोकळेपणानं बोलला. "पण असं नाही हो संपवायचं."

चौथी ती मेकअपवाली मुलगी. हॉलच्या कोपऱ्यात पडदा लावून तिनं आपलं दुकान मांडलं होतं. नाकातोंडावर कापडी मास्क. डिंकाच्या वासाचा तिला त्रास व्हायचा, त्यामुळे सोळा दिवस आम्ही तिचे फक्त डोळेच पाहिले होते. आज ते लाल होते.

"पडद्यामागे स्पंज धूत होते," ती म्हणाली. "किंकाळी ऐकून बाहेर आले."

"डोळ्यांना काय झालं?"

"डिंक झोंबला."

चौघांचंही खरं वाटत होतं आणि चौघंही काहीतरी झाकत होते. हॉलमध्ये माणसं एकमेकांपासून हातभर लांब उभी राहायला लागली होती. सोळा दिवस एका डब्यात जेवलेली माणसं आता आपापली पिशवी पायांत धरून बसली होती.

मी ती दोरी उजेडात धरली. हिसडा देऊन तुटलेल्या दोरीचं टोक फिसकारतं. हे टोक साफ होतं. दोरी कात्रीनं कापली होती.

मी पोस्टमास्तरांच्या पंजात माझी कात्री देऊन पाहिली. ती तीनदा खाली पडली. त्या बारा जणांपैकी एकालाही हे जमलं नसतं, आणि भाच्याच्या अंगावर तर त्या बारा जणांशिवाय कुणीच नव्हतं.

३

"चावलं कधी?" मी भाच्याला विचारलं.

"गळ्याशी कुणीतरी खुडबुड करतंय असं वाटलं म्हणून मी मनगट धरलं. सोडलं नाही, तेव्हा चावलं."

"मनगट रबराचं होतं?"

तो विचारात पडला. "नाही गं. कातडी होती. ओली. गार."

वण मावळायच्या आत मी त्याच्यावर पातळ कागद धरून प्रत्येक दाताची खूण पेनानं उतरवून घेतली. माझ्या झॉम्बीदातांना पुढे चार सुळे असतात. ते चावले तर कातडीत चार खड्डे पडतील. इथं खड्डा एकही नव्हता. नीट, माणसाच्या दातांची कमान होती. वरच्या समोरच्या दोन दातांमध्ये चांगली रुंद फट, आणि डावीकडचा दुसरा दात दारासारखा किलकिला वळलेला.

कुणीतरी माझे दात काढून स्वतःच्या दातांनी चावलं असेल, हे शक्य होतं. म्हणून मी डबा उघडला. ज्यांचे ज्यांचे दात मी बनवले त्यांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे त्यात होते. एकेक काढून कागदाशेजारी धरला. पोस्टमास्तरांची कवळी, नापास. शेजाऱ्यांचे पानानं झिजलेले दात, नापास. व्यायामशाळेची पोरं, नापास. बाराच्या बारा संपले. नायिका शेवटच्या प्रसंगात झॉम्बी होते, म्हणून तिचाही साचा होता. मोत्यांची माळ. फट नावाला नाही.

"म्हणजे कुणीच चावलं नाही?" भाचा चिडला. "मी स्वतःला चावलो?"

डब्याच्या तळाशी आणखी एक साचा होता, कापडात गुंडाळलेला. टाकून द्यायला हात धजला नव्हता म्हणून राहिलेला. मी तो काढला आणि कागदाशेजारी ठेवला.

समोर रुंद फट. डावीकडचा दुसरा दात किलकिला वळलेला.

भाच्यानं साच्याखाली पेन्सिलीनं लिहिलेलं नाव वाचलं आणि तो दोन पावलं मागे सरकला. तो साचा फिटरकाकांचा होता.

४

झॉम्बीच्या सिनेमात काम करून माणूस झॉम्बीवर विश्वास ठेवायला लागतो असं नाही, पण भाच्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी त्याला पाणी दिलं आणि पट्टी घेऊन बसले. मांडणी हुबेहूब होती, पण माप नव्हतं. हातावरची कमान साच्यापेक्षा चांगली अरुंद होती. ताणलेल्या कातडीवर माप थोडं इकडेतिकडे होतं, हे खरं. इतकं नाही.

"तिपाई, आत्ताचा प्रसंग कॅमेऱ्यात असेल ना?"

होता. तो डिस्कवर जायच्या आधीच डिस्क गेली होती. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्याभोवती आम्ही तिघं डोकी जुळवून बसलो. धूर, आरडाओरड, पंजे. मी तिपाईला एका क्षणी थांबवायला सांगितलं आणि बोट ठेवून डोकी मोजली. मग पुन्हा मोजली.

"किती?" भाचा म्हणाला.

"तेरा."

तेरावा झॉम्बी धुरातून वाकत आला होता आणि तसाच वाकत धुरात गेला होता. तो कोपऱ्याकडे गेला की दाराकडे, हे धुरानं दिसू दिलं नव्हतं. पण दारात मी होते. माझ्यासमोरून माशीसुद्धा बाहेर गेली नव्हती. म्हणजे तो हॉलमध्येच होता आणि आत्ताही आहे.

मी टबाजवळ गेले आणि बाही वर करून सगळे ओले रबरी चेहरे एकेक करून जमिनीवर मांडले. तेरा. बारांच्या कडांना डिंक होता. तेराव्याला डिंकाचा थेंब नव्हता. तो नुसता तोंडावर ओढून घेतला होता, आणि झडतीच्या वेळी बाकीच्यांबरोबर टबात गेला होता.

"आता सांग," मी भाच्याला बाजूला घेऊन म्हटलं. "झॉम्बी नसलेले चौघं. तिपाईनं चोरलं म्हणतोस, पण हे चित्र बघ. कॅमेरा सगळा वेळ सावकाश फिरतोय, हात कॅमेऱ्यावरच होता. तुझ्या मेहुण्याचं यंत्र बटण दाबून धरलं तरच धूर सोडतं, आणि धूर एकदाही तुटला नाही. नायिकेचे दात मी तुला दाखवले."

"राहिली..." तो बोलता बोलता थांबला. "पण तिच्या दातांचा साचा कुठाय?"

"नाहीच. ती सिनेमात काम करत नाही, म्हणून मी तिचं माप घेतलंच नाही. आणि मास्कमुळे तिचं तोंड आपण कुणीच पाहिलेलं नाही."

"मग फिटरकाकांचे दात?"

"दातांची मांडणी रक्तातून उतरते रे. पस्तीस वर्षं बाप-लेकींचे साचे शेजारी ठेवून बघितलेत मी." मी उठले. "तू इथंच थांब. पाच मिनिटं मला एकटीला जाऊ दे."

५

पडद्यामागे ती फळीसमोर उभी होती. फळीवर सगळ्यांच्या चेहऱ्यांचे प्लास्टरचे मुखवटे ओळीनं ठेवले होते. त्यांच्यावर रबर ओतून ती झॉम्बी घडवायची. एकच मुखवटा भिंतीकडे तोंड करून होता.

"मास्क काढ, बाळा," मी म्हटलं.

बाहेर कुणीतरी खोकलं. मग तिनं कानांमागची दोरी सोडली. मी फार वेळ बघितलं नाही. बघायची गरज नव्हती.

भिंतीकडचा मुखवटा तिनं स्वतःच खाली काढला. आत स्पंज कोंबला होता आणि स्पंजामागे डिस्क होती.

"रात्रीत उतरवून घेणार होते आणि उद्या सकाळी तुमच्या भाच्यांच्या दारात ठेवणार होते," ती म्हणाली. "फक्त त्यांचं तेवढं. बाकीच्याला हात लावणार नव्हते."

"बाबांचं."

तिनं मान हलवली. "मी सहा वर्षांची होते तेव्हा ते घर सोडून गेले. आईनं फोटो फाडले, एकही ठेवला नाही. एवढंच माहीत होतं की साबणाच्या कारखान्यात फिटर आहेत. सिनेमात इथले जुने कामगार घेताहेत असं ऐकलं आणि मी स्वतःहून फोन केला."

"त्यांना सांगितलं का नाहीस?"

"रोज ठरवायचे. आज चेहरा पूर्ण झाला की सांगू. पण चेहरा पूर्ण झाला की तिथं ते राहायचेच नाहीत, आणि तेवढ्यात बाहेरून हाक यायची." ती हातातला स्पंज पिळत होती, त्यात पाणी नव्हतं तरी. "नवव्या दिवशी मी रंग कालवून बसले होते, मावशी. खुर्ची पुसून."

मी तिच्या हातातला स्पंज काढून घेतला.

"आज सकाळी तुमचे भाचे सहज म्हणाले, पुसून टाकतो. तोंडात बिस्कीट होतं त्यांच्या. आणि डिस्क गळ्यातून कधी निघायची नाही. दुसरी वेळ मिळाली नसती."

"साधं मागितलं असतंस तर?"

"कोण म्हणून मागू?"

पडदा सरकला. भाचा तिथंच उभा होता. पाच मिनिटं थांबणं त्याला आयुष्यात कधी जमलेलं नाही. किती ऐकलं होतं कोण जाणे. चेहरा रागानं तापलेला होता आणि चावलेला हात त्यानं दुसऱ्या हातानं धरला होता.

"चावलीस तू मला!"

"तुम्ही हात सोडत नव्हतात," ती म्हणाली.

त्यानं तिच्या हातातून डिस्क ओढून घेतली आणि ताडताड निघून गेला. मला वाटलं, संपलं. आता हा तिला सगळ्यांसमोर उभी करणार.

६

पण तो लॅपटॉप घेऊन परत आला आणि रंगांच्या टेबलावर त्यानं डिस्क जोडली.

"काय काय आहे ते मलाही माहीत नाही," तो तिच्याकडे न बघता पुटपुटला. "तिपाई कॅमेरा तपासायला चालू करतो आणि बंद करायला विसरतो. त्यात खूप कचरा आहे. म्हणून तर जागा संपली."

तो कचरा आम्ही बघत गेलो. पहिल्या दिवशी फिटरकाका खुर्चीत ताठ बसलेले, ती पाठमोरी. ते तिला बॉयलरबद्दल सांगताहेत, साबणाचा वास कपड्यांतून वर्षभर कसा जायचा नाही ते सांगताहेत. दुसऱ्या दिवशी तेच, थोडं हसत. तिसऱ्या दिवशी ती रंग कालवता कालवता थांबते, बाटली उचलते आणि पाणी प्यायला मास्क खाली ओढते. पाठ फिरवलेली असते, पण तिच्या समोर भिंतीला आरसा आहे.

खुर्चीत फिटरकाका बोलता बोलता गप्प होतात.

ते आरशात बघत राहतात. हात सावकाश वर जातो आणि स्वतःच्या ओठांवर थांबतो. ती मास्क चढवून वळते, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतलेले असतात. ती विचारते, "डिंक झोंबतोय का?" ते म्हणतात, "नाही. चालू दे तुझं."

भाच्यानं चित्र थांबवलं. "याच्या दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आले होते," तो म्हणाला. "म्हणाले, मला रोज सगळ्यांच्या आधी बसवा, आणि घाई करायला सांगू नका तिला. मला वाटलं, म्हाताऱ्याला सिनेमाची हौस आहे."

तिनं त्या थांबलेल्या चित्रावर बोट टेकवलं.

"त्यांना कळलं होतं," ती म्हणाली. "मग बोलले का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?" मी म्हटलं.

ती रडली नाही. बाहेर पोस्टमास्तर हाका मारत होते, त्यांना रबरी चेहरा पुन्हा चिकटवून हवा होता. ती उठली, डिंकाची बाटली घेतली आणि बाहेर गेली.

मी सगळ्यांना एवढंच सांगितलं की डिस्क सापडली, गडबडीत मुखवट्यांत जाऊन पडली होती. कुणाचा विश्वास बसला नाही. तिपाई अजूनही मेहुण्याकडे बघून डोळे बारीक करतो. जागा करण्यासाठी भाच्यानं दुसरंच काहीतरी पुसलं. हा सिनेमा आपल्याला कसा सुचला हे तो कॅमेऱ्यासमोर बसून चाळीस मिनिटं सांगत होता, ते गेलं. जगाचं काही बिघडलं नाही. पाचला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा झॉम्बी कोसळला आणि आम्ही कारखाना सोडला.

सिनेमात आता फिटरकाकाही आहेत आणि पोस्टमास्तरही. मुख्य झॉम्बीचा चेहरा मधेच बदलतो आणि तो का बदलतो हे कुणालाच कळत नाही. एकानं विचारलं तर भाच्यानं छाती पुढे काढून सांगितलं, की सडण्याची प्रक्रिया आहे ती.

सिनेमाच्या शेवटी कामं करणाऱ्यांची नावं द्यायची होती, म्हणून तो सगळ्यांकडून ती लिहून घेत होता. मेकअपसाठी त्याच्याकडे पहिल्या दिवसापासून तिचं नाव होतं, पहिलं नाव आणि आडनाव. तिनं कागद परत मागितला, दोन शब्दांच्या मधोमध एक छोटी खूण केली आणि त्या खुणेच्या वर बाबांचं नाव लिहिलं. मग अक्षर नीट लागतंय ना, म्हणून मला वाचायला दिलं.